टूर कार्ड मिळालं, पुढे काय? : आंतरराष्ट्रीय टूरवरच्या गोल्फरची कारकीर्द

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)
शनिवार, सकाळी ७:४०

खारघरच्या गोल्फ रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सुट्टीच्या दिवशी बारा-चौदा वर्षांची मुलं बरीच दिसतात. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) खाली येतोय, आता पुढे काय? त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली. कुणी म्हणतं, दुसरा जीव मिल्खा सिंग (टूरवर नाव काढलेला आपला गोल्फर) होईल. कुणी म्हणतं, हा पैसेवाल्यांचा खेळ, सोडून द्या. दोन्ही उत्तरं ऐकून पालक होता तिथेच राहतो. म्हणून हा धागा. लिहिणाऱ्यांनी शक्यतो आकडे, पायऱ्या आणि चुका एवढंच लिहावं.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करू, कारण आपलं डोकं क्रिकेटच्या हिशेबाने चालतं. गोल्फमध्ये निवड समिती नसते. गेल्या वर्षी तुम्ही यादीत कितवे होतात, त्यावर यंदा खेळायला मिळणार की नाही ते ठरतं. या खेळायच्या हक्काला कार्ड म्हणतात. विजेतेपदं पेपरात येतात, पण कारकीर्द चालते ती कार्डावर. पंधरा वर्षं टूरवर, म्हणजे वर्षभराच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, टिकलेला खेळाडू म्हणजे पंधरा वेळा कार्ड राखलेला खेळाडू, मग त्याने एकही स्पर्धा जिंकलेली नसली तरी.

आता पायऱ्या.

हौशी गटात असताना इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर आणि अमॅच्युअर स्पर्धा. इथे ठरावीक मर्यादेबाहेर पैसे घ्यायचे नसतात. २०२२ पासूनच्या नियमांत हौशी खेळाडूला १,००० डॉलरपर्यंतचं बक्षीस चालतं, त्यापुढे हौशी दर्जा जातो. दर्जा एकदा गेला की परत मिळवायला अर्ज करून थांबावं लागतं, तेव्हा "एक स्पर्धा प्रो म्हणून खेळून बघू" हा प्रयोग करू नये.

मग पीजीटीआय, म्हणजे २००६ साली सुरू झालेली आपली देशी व्यावसायिक टूर. तिची स्वतःची क्वालिफायिंग स्कूल (थोडक्यात क्यू-स्कूल), म्हणजे कार्ड देणारी पात्रता स्पर्धा, आहे. पीजीटीआयच्या वार्षिक क्रमवारीत पहिला येणाऱ्याला पुढच्या मोसमासाठी थेट डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे जुन्या युरोपियन टूरचं, कार्ड मिळतं. २०२३ मध्ये महूच्या ओमप्रकाश चौहानला आणि २०२४ मध्ये वीर अहलावतला ते असंच मिळालं. ही वाट फार कमी पालकांना माहीत असते.

तिसरी पायरी एशियन टूर. तिच्या क्यू-स्कूलचा अंतिम टप्पा थायलंडमध्ये होतो, पाच फेऱ्या म्हणजे ९० होल, आणि वरचे ३५ आणि त्यांच्या बरोबरीचे आत. डीपी वर्ल्डच्या क्यू-स्कूलचे तीन टप्पे. शेवटचा टप्पा स्पेनमध्ये, सहा फेऱ्यांचा, १०८ होलांचा, आणि वरचे २० व बरोबरीचे आत. अमेरिकेच्या पीजीए टूरच्या क्यू-स्कूलमधून आता फक्त पाच जण जातात. शिवाय तिच्याखालच्या कॉर्न फेरी टूरवरून वर्षअखेर वर जाणारे ३० होते, ते २० झाले, आणि पीजीए टूरवर पूर्ण हक्क राखणारे १२५ होते, ते २०२६ पासून १०० झाले. दार दरवर्षी थोडं थोडं अरुंद होतंय. जुन्या माहितीवर आखणी करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

---

सीवूड्स_२५
शनिवार, सकाळी ९:०५

छान सुरुवात. एक शंका. क्यू-स्कूलमधून कार्ड मिळालेले खेळाडूसुद्धा अनेक स्पर्धांच्या यादीत दिसत नाहीत. कार्ड आहे तर मग अडतं कुठे?

---

खाडीकाठ
शनिवार, सकाळी ११:३०

@सीवूड्स_२५, अगदी मुद्द्याचं विचारलंत. कार्ड म्हणजे प्रत्येक स्पर्धेत जागा नव्हे. कार्ड म्हणजे रांगेतला क्रमांक. स्पर्धेत साधारण १४४ किंवा १५६ जागा असतात. त्या वरून भरत येतात: आधी गेल्या दोन-तीन वर्षांतले विजेते, मग गेल्या वर्षीच्या क्रमवारीत कार्ड राखलेले, मग प्रायोजकांची आमंत्रणं, मग खालच्या टूरवरून वर आलेले, आणि त्यानंतर कुठेतरी क्यू-स्कूलवाले. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत वरचे सगळे नाव देतात आणि रांग क्यू-स्कूलपर्यंत पोचतच नाही. छोट्या बक्षिसाच्या, गैरसोयीच्या ठिकाणच्या स्पर्धेत मात्र जागा मिळते.

इथे नवख्याची पहिली मोठी चूक होते. जागा मिळेल तेव्हा तो दमलेला असतो किंवा घरी आलेला असतो. मोसमाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मिळेल ती प्रत्येक स्पर्धा खेळायची, कारण अनेक टूरवर मोसमाच्या मध्यात या खालच्या गटाची रांग तोवरच्या गुणांवर पुन्हा लावतात. सुरुवातीच्या चार स्पर्धांत दोन चांगले आठवडे निघाले तर उरलेलं वर्ष सुकर जातं. नाहीतर तुम्ही राखीव यादीत.

राखीव यादी म्हणजे काय तेही सांगतो. पहिला राखीव खेळाडू गुरुवारी पहाटे, पहिल्या टी-ऑफच्या (सुरुवातीच्या फटक्याच्या) आधी, बूट घालून, सराव करून, पहिल्या टीच्या (तो फटका जिथून मारतात त्या जागेच्या) आसपास उभा असतो. कुणाची पाठ धरली, कुणी वेळेवर पोचलं नाही, तर पाच मिनिटांत त्याला खेळायला उतरावं लागतं. दुपारचा शेवटचा गट सुटला की त्याचा आठवडा संपला. तिकीट, खोली, कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) सगळा खर्च झालेला आणि कमाई शून्य.

या रांगेतून सुटायचा एक आडमार्ग आहे: दोन टूरची मिळून असलेली स्पर्धा जिंकणं. छोट्या टूरचा सदस्य म्हणून उतरायचं आणि जिंकलं की मोठ्या टूरचं कार्ड हातात, क्यू-स्कूलशिवाय. आपल्याकडचे बरेचसे मोठे दरवाजे असेच उघडले. कोलकात्यात ग्रीनकीपरच्या घरात वाढलेला एसएसपी चौरसिया २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये मलेशियन ओपन. शुभंकर शर्मा डिसेंबर २०१७ मध्ये जोबर्ग ओपन आणि दोनच महिन्यांत मेबँक चॅम्पियनशिप. म्हणून वर्षाचं वेळापत्रक आखताना अशा स्पर्धांच्या तारखा आधी भरायच्या, आणि शरीर व खेळ त्या आठवड्यांना टिपेला असेल असं बघायचं.

दुसरा आडमार्ग सोमवारच्या पात्रता फेरीचा, आणि त्याचं उदाहरण अर्जुन अटवाल. पीजीए टूरचं कार्ड मिळवलेला पहिला भारतीय. २०१० च्या उन्हाळ्यात, दुखापतीनंतर मिळालेल्या सवलतीच्या स्पर्धा संपल्या आणि कार्ड गेलं. विंडम चॅम्पियनशिपला तो सोमवारच्या एका दिवसाच्या पात्रता फेरीतून आत आला, गुरुवारी ६१ फटक्यांत फेरी संपवली आणि रविवारी शेवटच्या होलवर पार (होलसाठी ठरलेले फटके) वाचवून एका फटक्याने जिंकला. पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय. सोमवारी कार्ड नव्हतं, रविवारी दोन वर्षांहून जास्त मुदतीचं होतं.

---

हिशेबी (वाशी)
शनिवार, रात्री १०:१५

पैशाचं मी लिहितो. त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

स्पर्धा चार फेऱ्यांची. दोन फेऱ्यांनंतर कट. पीजीए, डीपी वर्ल्ड आणि एशियन टूरवर वरचे ६५ आणि बरोबरीचे पुढे जातात, पीजीटीआयवर साधारण ५०. कट हुकला की त्या आठवड्याचं बक्षीस शून्य. पीजीए टूरवर विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के, दुसऱ्याला १०.९, तिसऱ्याला ६.९. डीपी वर्ल्डवर विजेत्याला १७ टक्के. पीजीटीआयच्या एक कोटीच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला १५ लाख. उतार किती तीव्र आहे ते बघा: कट पार केलेल्यांच्या तळाला पाव टक्का किंवा त्याहून कमी उरतो.

एका फटक्याची किंमत म्हणजे काय, हे बघायला २०२२ ची प्लेयर्स चॅम्पियनशिप घ्या. एकूण रक्कम २ कोटी डॉलर. कॅमरन स्मिथ पारच्या १३ खाली, लाहिरी १२ खाली. पहिल्याला ३६ लाख डॉलर, दुसऱ्याला २१ लाख ८० हजार. शेवटच्या होलवर लाहिरीला बरोबरीसाठी बर्डी (पारहून एक फटका कमी) हवी होती, पार झाली. १४ लाख २० हजार डॉलरचा फरक.

आता खालच्या टोकाचा हिशेब. आकडे समजुतीसाठी धरलेत, आपापले घालून बघा. प्रवास, खोली, कॅडीचा आठवड्याचा पगार, प्रवेश फी, जेवण मिळून आठवड्याला २ लाख. वर्षाला २२ स्पर्धा म्हणजे ४४ लाख. निम्मे कट पार केले, म्हणजे ११ आठवडे कमाईचे. प्रत्येक कमाईच्या आठवड्याला कर आणि कॅडीचा वाटा जाऊन ४ लाख हातात यायला हवेत, तेव्हा कुठे वर्ष बरोबरीत सुटेल. पण बक्षिसातून आधी २० टक्के कर तिथेच कापला जातो असं धरा, आणि कॅडीचा वाटा ५ टक्के. शंभरातले ७५ उरतात. म्हणजे बक्षीस किमान ५ लाख ३३ हजारांचं हवं. वीस लाख डॉलरच्या स्पर्धेत पाव टक्का म्हणजे ५,००० डॉलर, साधारण साडेचार लाख रुपये. कट पार करून तळाला राहिलात तर वर्षाच्या हिशेबात तो आठवडाही कमीच पडतो. प्रशिक्षक, फिजिओ आणि साहित्य अजून यात धरलेलंच नाही.

कॅडीचा रूढ करार असा: आठवड्याचा ठरलेला पगार, शिवाय कट पार झाला की बक्षिसाच्या ५ टक्के, पहिल्या दहात आलात तर ७, जिंकलात तर १०. हे लेखी ठेवा. कट हुकल्यावर परतीचं तिकीट कोणाचं, यावरून सगळ्यात जास्त वाद होतात.

कराचं: अमेरिकेत अनिवासी खेळाडूच्या ठोक बक्षिसावर ३० टक्के कापतात, खर्च वजा न करता. तिथलं विवरणपत्र भरलं तर खर्च दाखवून त्यातला काही भाग परत मिळू शकतो. ब्रिटनमध्ये २० टक्के. परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट भारतात मिळतं, पण कर कापल्याचा कागद हवा. प्रत्येक स्पर्धेच्या कार्यालयातून तो निघतानाच घ्यायचा. मार्चमध्ये आठ देशांना ईमेल करत बसलं की निम्मे कागद वेळेत येत नाहीत आणि तेवढं क्रेडिट बुडतं.

---

तलावपाळीकर
रविवार, सकाळी ८:२०

हिशेबी, तुमच्या त्या ५,००० डॉलरवाल्या ओळीचा प्रिंट काढून प्रत्येक अकादमीत लावायला हवा.

मी ग्रीनबद्दल, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताबद्दल, लिहितो. आपल्या मुलांचे फटके बाहेर चालतात, पटिंग (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणं; असा एक फटका म्हणजे पट) चालत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण गवत आणि वेग. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात: ३६ इंच लांबीची खाच असलेली पट्टी, चेंडू खाचेत ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण २० अंशांना चेंडू सुटतो. सपाट जागी तो जितके फूट जातो तो वेग. दोन्ही दिशांनी तीन-तीन चेंडू सोडून सरासरी काढायची. नेहमीच्या क्लब ग्रीनवर ८-९ फूट येतात, टूरवर ११-१२. आठच्या ग्रीनवर वाढलेला हात बाराच्या ग्रीनवर उताराचा पट चार फूट पुढे नेतो. आणि परतीचा चार फुटी पट हा काही हातचा नव्हे. पीजीए टूरवरची सरासरी बघा: ३ फुटांवरून ९६ टक्के जातात, ८ फुटांवरून निम्मे, १० वरून ४०, २० वरून १५.

दुसरी गोष्ट गवताचा कल. आपल्या उष्ण हवेत बर्म्युडा गवत असतं. त्याची पाती आडवी वाढतात, एका दिशेला झोपतात. चेंडू त्या दिशेने गेला तर पळतो, उलट गेला तर अडतो, आडवा गेला तर ओढला जातो. दिशा ओळखायला दोन खुणा. चेंडूमागे उभं राहून होलकडे बघा: गवत चकाकताना दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली, पट वेगवान. गडद, मळकट हिरवं दिसलं तर पाती तुमच्याकडे, पट संथ. ढगाळ हवेत ही खूण फसते, तेव्हा होलजवळ जा आणि वाकून कपाची कड बघा. सकाळी कापलेल्या होलची एक कड सुरीने कापल्यासारखी धारदार राहते. समोरची कड दुपारपर्यंत तपकिरी पडते, थोडी कुरतडल्यासारखी दिसते, कारण त्या बाजूची पाती मुळापासून तुटलेली असतात. कल त्या कुरतडलेल्या बाजूकडे. डावीकडून उजवीकडे वळणाऱ्या पटात कुरतडलेली कड उजवीकडे असेल तर वळण दिसतं त्याहून जास्त धरायचं, डावीकडे असेल तर कमी.

युरोपात थंड भागात बेंट किंवा पोआ गवत. बेंट बारीक आणि सरळ वाढतं, कल जवळजवळ लागत नाही, फक्त उतार बघायचा. बर्म्युडावर तयार झालेला खेळाडू तिथे नसलेला कल शोधतो आणि कमी वळण धरून होलच्या खालून जातो. पोआची तऱ्हा वेगळी: दुपारी त्याला तुरे येतात आणि छोटे पट उड्या मारतात, म्हणून तिथे सकाळची वेळ मिळणं हाच मोठा फायदा.

सराव साधा आहे. दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) जमिनीत रोवा, मधे पटरच्या (पटिंगच्या क्लबच्या) तोंडापेक्षा दोन्हीकडे जेमतेम ३-४ मिलिमीटर जादा जागा. चार फुटांवरून पन्नास पट. टीला पटर लागला की मोजणी पुन्हा एकपासून. घरातल्या मॅटवर हे होतं, त्यासाठी ग्रीन लागत नाही.

---

ऐरोलीची_सई
रविवार, सकाळी १०:५०

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

रस्ता थोडा वेगळा आहे. देशात महिलांची डब्ल्यूपीजीटी, मग लेडीज युरोपियन टूर, मग अमेरिकेची एलपीजीए. अदिती अशोकने डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोतली लेडीज युरोपियन टूरची क्यू-स्कूल सतराव्या वर्षी जिंकली, १ जानेवारी २०१६ ला प्रो झाली, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळली आणि नोव्हेंबरमध्ये महिलांची इंडियन ओपन जिंकली. टोकियोत चौथी आली, रौप्य आणि कांस्याच्या बरोबरीपासून एक फटका दूर. तिथे लांबीत ती मैदानातल्या सगळ्यात मागच्या खेळाडूंपैकी होती. टिकली ती वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटरवर. "मुलगी लांब मारत नाही, पुढे जमणार नाही" असं तेराव्या वर्षी ठरवून टाकणाऱ्या प्रशिक्षकांनी हे लक्षात घ्यावं.

तुलनेसाठी: एलपीजीएवर ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) वेग सरासरी ताशी ९४ मैल आणि हवेतलं अंतर २१८ यार्डांच्या आसपास. पुरुषांच्या पीजीए टूरवर ११३-११५ मैल आणि २७५-२८२ यार्ड. बारावीतली मुलगी ९० मैलांपर्यंत येत असेल तर वेगाची काळजी नको, अंतराच्या नियंत्रणाकडे बघा.

दीक्षा डागरचंही नाव इथे हवंच. अठराव्या वर्षी २०१९ मध्ये साउथ आफ्रिकन विमेन्स ओपन, २०२३ मध्ये चेक ओपन. डावखुरी आहे, श्रवणयंत्र वापरते आणि डेफलिंपिक्सचं सुवर्णही तिच्याकडे आहे.

आणि @खाडीकाठ, अमेरिकन कॉलेजचा रस्ता राहिला. मुलग्यांसाठी तो आता थेट टूरला जोडलाय. पीजीए टूर युनिव्हर्सिटीच्या यादीत अंतिम वर्षाचा पहिला खेळाडू २०२३ पासून थेट पीजीए टूरचं कार्ड घेतो, त्याखालचे कॉर्न फेरीवर जातात. पण शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत गृहीत धरू नका. अर्ज नववी-दहावीपासूनच्या निकालांवर होतो. प्रशिक्षकाला पाठवायचं ते असं: जागतिक हौशी क्रमवारीतलं स्थान, ७२ होलांच्या स्पर्धांचे पूर्ण गुण (फक्त चांगले नव्हे), आणि समोरून व मागून घेतलेला दोन मिनिटांचा स्विंगचा व्हिडिओ. क्लबमधल्या मैत्रीपूर्ण फेरीतले ६८ कुणी मोजत नाही.

---

बेलापूर_टेकडी
रविवार, दुपारी ३:००

जागतिक क्रमवारीचं गणित थोडक्यात, कारण मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) आणि ऑलिंपिक दोन्हींचा प्रवेश बराचसा त्यावर आहे.

दोन वर्षांची, म्हणजे १०४ आठवड्यांची खिडकी. मिळालेले गुण पहिले १३ आठवडे पूर्ण मोजतात, पुढचे ९१ आठवडे समान पायऱ्यांनी घटत शून्यावर येतात. गुणांच्या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांनी भागायचं. पण भाजक ४० पेक्षा कमी धरत नाहीत आणि फक्त शेवटच्या ५२ स्पर्धा मोजतात.

चूक इथे होते. समजा दुखापतीमुळे दोन वर्षांत २० च स्पर्धा झाल्या आणि गुण ४० आहेत. खेळाडूला वाटतं सरासरी २. प्रत्यक्षात ४० ने भागून १. पुढच्या वीस स्पर्धांत एक गुणही आला तरी सरासरी वाढते, भाजक तोच राहतो. म्हणजे दुखापतीतून परतल्यावर छोट्या स्पर्धा खेळणं फायद्याचं. उलट ५० च्या वर स्पर्धा झालेल्या खेळाडूने तळाच्या स्पर्धा वाढवल्या तर सरासरी खालीच येते, त्याने विश्रांती घ्यावी. ऑगस्ट २०२२ पासून गुण मैदानातल्या प्रत्येक खेळाडूच्या ताकदीवर ठरतात, त्यामुळे कमकुवत मैदानातल्या विजयाचे गुण पूर्वीपेक्षा कमी झालेत. आशियातल्या खेळाडूंना हे जाचतं, आणि माझ्या मते ही तक्रार रास्त आहे.

वर्षअखेर पहिल्या ५० त असलात की मास्टर्स या मेजरचं आमंत्रण. ऑलिंपिकला ६० जण. पहिल्या १५ त असतील तर एका देशाचे चार, नाहीतर दोनच. टोकियोला लाहिरीबरोबर उदयन माने गेला तो याच यादीवर.

---

घोडबंदर_रोड
रविवार, रात्री ९:१०

जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय करायचं? रेंजवर पाणी, कोर्सवर चेंडू रुततो. चार महिने वाया जातात.

---

तलावपाळीकर
सोमवार, सकाळी ६:५५

@घोडबंदर_रोड, वाया जायची गरज नाही. उलट युरोपातल्या ओल्या जमिनीची तयारी याच महिन्यांत होते.

ओल्या मातीत क्लब चेंडूच्या आधी जमिनीत शिरला की फटका अर्ध्यावर मरतो. उपाय दोन. वेजचा बाउन्स (तळ जमिनीशी करतो तो कोन) वाढवा: पावसात १० ते १४ अंश, कोरड्या टणक जमिनीवर आणि लिंक्स (समुद्रकाठच्या) कोर्सवर ४ ते ८. कमी बाउन्सची वेज मऊ मातीत फावड्यासारखी घुसते. जास्त बाउन्सची वेज टणक जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटात लागते. टूरवरचे खेळाडू दोन्ही जोड घेऊन फिरतात आणि मंगळवारी जमीन बघून ठरवतात. दुसरा उपाय: चेंडूच्या चार इंच मागे टॉवेल अंथरा आणि टॉवेलला न लागता मारा. वीसपैकी अठरा साधले की टॉवेल तीन इंचांवर आणा.

गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये सोसायटीची परवानगी असेल तर नेट लावा. चेंडू ते नेट किमान ३ मीटर, आणि नेटच्या मागे भिंतीपर्यंत आणखी मीटरभर, नाहीतर नेट ताणून चेंडू भिंतीवरून परत येतो. नेटमध्ये अंतर कळत नाही, म्हणून तिथे फक्त वेजचे तीन मापाचे झोके पक्के करायचे: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. पाऊस उघडला की रेंजवर प्रत्येकाचं अंतर मोजून वहीत लिहायचं. तीन वेज गुणिले तीन झोके, नऊ अंतरं.

ग्रिप विसरू नका. आपल्या दमट हवेत रबर तेलकट होतं आणि हात नकळत आवळला जातो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, पंधरा दिवसांतून एकदा. ग्लोव्ह फेरीला तीन-चार, दर दोन-तीन होलांनी बदलून बॅगेला अडकवून वाळवायचे.

---

सीवूड्स_२५
सोमवार, दुपारी १:४०

फार उपयोगी. विमानप्रवास आणि व्हिसाबद्दल कुणी लिहील का?

---

हिशेबी
सोमवार, रात्री ९:३०

आधी बॅग. क्लब मोडतात ते बहुतेक वेळा डोक्याजवळ, कारण बॅग उलटी आपटली की सगळा भार सर्वात लांब क्लबवर, म्हणजे ड्रायव्हरवर येतो. ड्रायव्हरचं डोकं पान्याने सोडवा, मोज्यात घालून हँडबॅगेत ठेवा. पाना मोठ्या बॅगेत, केबिनमध्ये तो अडवतात. ड्रायव्हरपेक्षा दोन इंच उंच होणारी आधाराची काठी बॅगेत उभी करा, म्हणजे दणका ती घेईल. आयर्नच्या (मधल्या अंतराच्या, धातूच्या पात्याच्या क्लबच्या) माना टॉवेलने एकत्र बांधा, वरच्या पोकळीत रेनसूट कोंबा. पोचल्यावर सोमवारी टूरच्या दुरुस्ती गाडीवर आयर्नचे लॉफ्ट आणि लाय (पात्याचे कोन) तपासून घ्या. फोर्ज्ड आयर्न प्रवासात अंशभर वाकलेले निघतात आणि खेळाडू शुक्रवारपर्यंत स्विंगमध्ये दोष शोधत बसतो. चौदाहून जास्त क्लब ठेवू नका. सरावाची जादा वेज बॅगेत राहून पहिल्या टीवर गेलात तर प्रत्येक होलला दोन फटके, फेरीला जास्तीत जास्त चार.

व्हिसा. शेंगेनला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि येण्याचा व जाण्याचा दोन्ही दिवस मोजतात. डीपी वर्ल्डचा उन्हाळा स्पेन, इटली, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया असाच जातो. मधले रिकामे आठवडे युरोपातच काढले तर सप्टेंबरला दिवस संपतात, आणि नेमक्या कार्ड ठरवणाऱ्या शेवटच्या स्पर्धा हुकतात. म्हणून मुक्काम ब्रिटनमध्ये ठेवतात, तिथले दिवस वेगळे मोजतात. दोन्ही व्हिसे बहुप्रवेशी हवेत आणि हिवाळ्यातच काढून ठेवायचे, कारण पासपोर्ट एका वकिलातीत अडकला की दुसरीकडे अर्जच करता येत नाही.

हवामानाची नोंद: जोहान्सबर्ग साधारण १,७०० मीटरवर आहे, चेंडू जवळपास १० टक्के लांब जातो. १५० यार्डांची आयर्न तिथे १६५. थंडीत उलट, दर १० अंश सेल्सियसला ड्रायव्हर तीन-चार यार्ड कमी. नवीन गावात सोमवारी-मंगळवारी रेंजवर प्रत्येक क्लबचं अंतर पुन्हा मोजून यार्डेज बुकच्या (कोर्सवरच्या अंतरांच्या वहीच्या) पहिल्या पानावर लिहायचं, कॅडीच्याही आणि आपल्याही.

---

घोडबंदर_रोड
सोमवार, रात्री १०:०५

तलावपाळीकर, टॉवेलचा सराव कृत्रिम गवताच्या मॅटवर चालेल का? ठाण्यात बहुतेक ठिकाणी मॅटच आहेत.

---

तलावपाळीकर
मंगळवार, सकाळी ७:१०

मॅटवर करा, पण एक फरक. मॅटवर क्लब जमिनीला आधी लागला तरी घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका चांगला वाटतो, चूक लपते. म्हणून मॅटवर टॉवेल चारऐवजी दोन इंचांवर ठेवा आणि चेंडूच्या पुढच्या बाजूला खडूची रेघ ओढा. क्लबच्या तळाला लागलेली खडूची खूण बघा: पुढच्या कडेवर असेल तर ठीक, मागच्या कडेवर असेल तर तुम्ही अजून आधीच जमिनीला लागताय. आठवड्यातून एक दिवस तरी खऱ्या गवतावर. ठाणे-पनवेल लोकलने खारघर गाठता येतं. सकाळी सातच्या आत बॅग मालडब्यात ठेवायला जागा मिळते.